ओझोनचे छत्र

भूपृष्ठापासून सुमारे १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर ओझोन वायूचा विरळ थर आहे. सूर्याचे घातक अतिनील किरण तो वरच्या वर शोषून घेतो. ते किरण अधिक प्रमाणात खाली आले, तर त्वचेचा कर्करोग व मोतीबिंदू हे रोग वाढावयाचे.

शीतकपाटांत आणि सुगंधी फवाऱ्यांच्या डब्यांत क्लोरोफ्लुरोकार्बन नावाचे वायू वापरीत असत. ते पेटत नसत, विषारी नसत. मोठे गुणी वायू! पण हवेत मिसळल्यावर ते जातात कोठे? अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन येथील शाखेत शेरवुड रोलंड व मारिओ मोलिना या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ साली याचे उत्तर दिले. खाली कशानेही न विघटणारे हे वायू हळूहळू वर चढतात, तेथे अतिनील किरणांनी फुटतात आणि त्यांतून क्लोरीन मोकळा होतो. क्लोरीनचा एक अणू ओझोनच्या सुमारे एक लाख रेणूंचा नाश करू शकतो.

कारखानदारांनी या म्हणण्यास कडाडून विरोध केला. सामान्य जनांनी मात्र ते मनावर घेतले. कायदा होण्यापूर्वीच अनेक अमेरिकनांनी असे डबे विकत घेणे सोडले. १९७८ मध्ये तेथे बहुतेक फवाऱ्यांत हे वायू वापरण्यास बंदी झाली. १९८५ मध्ये दक्षिण ध्रुवप्रदेशावरील थर दर वसंतात फार विरळ होत असल्याचे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दाखविले, आणि १९८७ मध्ये माँट्रिऑल येथे राष्ट्रांचा करार झाला. हे वायू पृथ्वीची उष्णताही कोंडून धरतात. त्यामुळे या कराराने तापमानवाढीसही काहीसा आळा बसला.

रोलंड, मोलिना आणि पॉल क्रुट्झेन यांना १९९५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दक्षिण ध्रुवप्रदेशावरील ओझोन १९८० सालच्या प्रमाणावर येण्यास मात्र सुमारे २०६६ साल उजाडेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.