वगळलेल्या मजकुराचे काय करायचे?

व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही कथा लहानपणापासून आपल्या कानांवर असते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत मात्र ती मूळ संहितेत नाही. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले. ही कथा प्रक्षिप्त ठरवून त्यांनी परिशिष्टात नेली. गणपतीच्या गावात बसून हे करायला छाती लागते! पण मला अधिक मोलाचे वाटते ते हे, की त्यांनी ती फेकून दिली नाही.

मी सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आहे. तिथे हाच प्रश्न नित्याचा. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली निर्माण केलेली ‘गिट’ ही प्रणाली प्रोग्रॅममधल्या बदलांची बखर ठेवते. बदलांची एक नोंद म्हणजे ‘कमिट’ आणि अशा नोंदींची साखळी म्हणजे ‘ब्रँच’. प्रत्येक कमिटचा ओळखक्रमांक तिच्या मजकुरावरून आणि आधीच्या कमिटच्या क्रमांकावरून काढलेला असतो. म्हणून मधली एक उपटली, की पुढच्या सगळ्यांचे क्रमांक बदलतात. आजोबा बदलले तर नातू तोच कसा राहील?

नको असलेली कमिट शेवटची असेल आणि अजून आपल्याच संगणकावर असेल, तर ‘रिसेट’ पुरते. ब्रँचचे टोक एक पायरी मागे येते. (सोबत ‘हार्ड’ लावले तर फायलींतले न नोंदलेले बदलही जातात, तेव्हा जपून.) मधली असेल तर ‘रीबेस’च्या यादीतून तेवढी ओळ गाळायची.

सहकाऱ्यांनी ती कमिट उतरवून घेतली असेल, तर गोष्ट वेगळी. आपण इतिहास बदलला तरी त्यांच्याकडे जुनी साखळी असतेच. कोणीतरी आपले काम त्यात मिसळतो आणि काढलेली कमिट परत येते. अशा वेळी ‘रिव्हर्ट’ करावे. नको असलेला बदल उलटवणारी नवी कमिट वर चढते. चूक आणि दुरुस्ती दोन्ही दिसत राहतात.

सुखठणकरांची पद्धत मला याच्या जवळची वाटते. बाराशेहून अधिक हस्तलिखिते पाहून १९६६ साली पुरी झालेल्या या आवृत्तीत संपादकांचा निर्णय संहितेत आहे, तर वगळलेले श्लोक तळटीपांत आणि परिशिष्टांत. फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादिलेल्या सभापर्वात वस्त्रहरणाच्या वेळचा कृष्णाचा धावा संहितेबाहेर गेला. पण तो तळटीपेत वाचून संपादकाशी भांडण्याची सोय वाचकाला आहे.

चुकून पासवर्ड नोंदला गेला असेल, तर मात्र रिव्हर्ट कुचकामी. तो इतिहासात कोणालाही वाचता येतो. आधी पासवर्ड बदलावा, इतिहासाची सफाई नंतर.

आणि रिसेटने गेलेली कमिटही लगेच नाहीशी होत नाही. ‘रिफ्लॉग’ नावाच्या रोजनाम्यात तिचा क्रमांक, नेहमीची मुदत बदललेली नसेल तर, तीस दिवस राहतो. तेवढ्यात मन बदलले तर तो वापरून ती परत आणता येते.