हिंगण्याच्या वाटेवरचे अण्णा

संध्याकाळी सहानंतर पुण्याच्या कर्वे रस्त्यावर गाडी घातली की कर्वेनगर येता येत नाही. वर मेट्रो, खाली हॉर्न. साधारण याच दिशेने 1900 साली एक चाळिशी ओलांडलेला गृहस्थ रोज पायी निघायचा. फर्ग्युसन कॉलेजात दिवसभर गणित शिकवून झालेले, हातात आश्रमासाठी घेतलेले वाणसामान, आणि पावसाळा असला तर वहाणा ओढून घेणारा काळ्या मातीचा चिखल. पुढे हिंगण्याच्या माळावर एक झोपडी आणि तिथे वाट पाहणाऱ्या विधवा मुली. त्यांना शिकवायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कॉलेजची घंटा गाठायची.

हे धोंडो केशव कर्वे, म्हणजे अण्णा. त्यांना आपण महर्षी केले, 1958 साली भारतरत्न दिले, जिवंतपणी टपाल तिकिटावर छापले. या सगळ्यात एक गोष्ट हरवली. हा माणूस मुळात मुरूडचा एक कष्टाळू, काटकसरी, थोडा बुजरा प्रापंचिक होता. आपण बुद्धीने सामान्य आहोत असे त्यांना मनापासून वाटे. मला तर त्यांच्या 104 वर्षांत चमक अशी फारशी दिसतच नाही. दिसते ती चिकाटी. परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत सह्याद्री ओलांडून शंभर मैलांहून अधिक चालत गेलेला मुलगा, आणि ‘वय लहान दिसते’ म्हणून त्याला आल्या पावली परत पाठवणारे अधिकारी! दुसरा एखादा गावी परतून भिक्षुकी करता.

मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजातून 1884 साली ते पदवीधर झाले. मग शाळा आणि शिकवण्या, पहाटेपासून रात्रीपर्यंत. या धावपळीतच 1891 साली पत्नी राधाबाई गेल्या. मोठा मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा. त्याच वर्षी फर्ग्युसनचे बोलावणे आले आणि बिऱ्हाड पुण्याला हलले.

पुनर्विवाह करायचा तर विधवेशीच, हे अण्णांचे ठरलेले होते. 1893 च्या मार्चमध्ये मित्र नरहरपंत जोशी यांच्या बहिणीशी, गोदूबाईंशी, त्यांचे लग्न झाले. त्या आनंदीबाई झाल्या आणि पुढे सगळ्यांच्या ‘बाया’. मुरूडने बहिष्कार घातला. अण्णांना घरात घेतले तर घरच्यांनाही वाळीत टाकू, इथपर्यंत गोष्ट गेली. आई-भावाच्या दारात उपरा होण्याचे दुःख त्यांनी पोटात ठेवले, पण त्यापायी भांडत बसले नाहीत.

1896 मध्ये अनाथ बालिकाश्रमाचे काम सुरू झाले, आणि खरा संसार तिथून ओढाताणीत पडला. साठवलेली पुंजी आश्रमाला गेली. विम्याची पॉलिसीसुद्धा गेली. बाया भडकल्या, आणि का भडकू नयेत? पदरात मुले, नवऱ्याचा पगार बेताचा. त्यात पुनर्विवाहित बाई आश्रमात दिसली तर लोक आपल्या मुली पाठवणार नाहीत, म्हणून सुरुवातीला बायांनाच आश्रमापासून लांब ठेवलेले. त्यांची धाकटी विधवा बहीण पार्वतीबाई आठवले मात्र आश्रमाचा आधारस्तंभ झाली. इथे अण्णांचा हिशेब संस्थेच्या दृष्टीने बरोबर होता, घराच्या दृष्टीने निष्ठुर होता. हे लिहिले म्हणून त्यांचा मोठेपणा कमी होत नाही, पण ते लिहायला हवे.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे: 1916 चे महिला विद्यापीठ, 1920 मधली त्यासाठी उद्योगपती ठाकरसींनी दिलेली पंधरा लाखांची देणगी. सत्तरी उलटल्यावर युरोप, अमेरिका, आफ्रिका अशी वणवण. आफ्रिकेत मोंबासाला मुलगा शंकर डॉक्टर होता, तेवढाच घरचा उंबरठा. परत आल्यावर खेड्यातल्या शाळांसाठी पुण्यात दारोदार फिरून वर्गणी. पंचाहत्तरी उलटलेला हा म्हातारा दारात उभा राहिला की नाही म्हणायची सोय नसे, हा भाग वेगळा.

घरानेही त्यांची परीक्षा पाहिली. रघुनाथ, 1899 च्या मॅट्रिकला पहिला आलेला, संततिनियमनाच्या प्रचारापायी प्राध्यापकी सोडून बसला आणि ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवता चालवता कोर्टात उभा राहिला. बाकी मुलांपैकी दिनकर फर्ग्युसनचे प्राचार्य, भास्कर हिंगण्याच्या कामात, तर सून इरावती मानववंशशास्त्रात. एकेकाने आपापली वाट काढली, आणि बापाने कुणाला आपल्या साच्यात ओतायचा हट्ट धरल्याचे दिसत नाही. त्या काळच्या कर्त्या पुरुषाच्या मानाने ही फार मोठी गोष्ट.

दीर्घायुष्याची किंमतही त्यांनी मोजली. 1950 साली बाया गेल्या. 1953 साली रघुनाथ गेला. 9 नोव्हेंबर 1962 रोजी पुण्यात अण्णांनी डोळे मिटले.

त्यांचे ‘आत्मवृत्त’ आजही मिळते, जरूर वाचा. पण त्याआधी बायांचे ‘माझे पुराण’ हातात घ्या. या संसाराचा जमाखर्च तिथे आहे.