डेरीतील पाच मुले

उत्तर आयर्लंडमधील डेरी शहराचे नाव १९७० नंतरच्या दशकात वृत्तपत्रांतून येई ते गोळीबार आणि बाँबस्फोट यांच्या संदर्भात. त्याच शहरातील पाच शाळकरी मुलांनी १९७५ च्या सुमारास ‘दि अंडरटोन्स’ हा वाद्यवृंद उभा केला. जॉन व डेमियन ओ’नील हे बंधू गिटार वाजवीत, मायकेल ब्रॅडली बास गिटार आणि बिली डोहर्टी ड्रम. गायक होता फर्गल शार्की.

‘पंक रॉक’ या संगीतप्रकारात दीर्घ साधनेची मातब्बरी नसते. तीनचार स्वरमेळ, द्रुत लय आणि दोनअडीच मिनिटांचे गाणे एवढ्यावर भागते. लंडनचे पंक गायक राजसत्तेवर तुटून पडत असता ही मुले मात्र पौगंडावस्थेतील ओढीची, हेव्यादाव्यांची गाणी गात. दारात लष्करी गाड्या उभ्या असताना असे गाणे हा पळपुटेपणा वाटेलही. परंतु जेथे साधे तारुण्यच दुर्लभ झाले होते, तेथे ते हक्काने मागणे हे काही लहान धाडस नव्हे.

१९७८ च्या जूनमध्ये बेलफास्ट येथे त्यांनी ‘टीनेज किक्स’ हे जॉन ओ’नील याचे गीत एका छोट्या स्थानिक संस्थेसाठी ध्वनिमुद्रित केले. बीबीसीचे निवेदक जॉन पील यांना ते इतके भावले की त्यांनी ते लागोपाठ दोनदा ऐकविले. नभोवाणीच्या एका निवेदकाच्या आवडीने पाच मुलांचे आयुष्य पालटले. लवकरच ‘सायर’ या अमेरिकन कंपनीशी करार झाला.

१९७९ ते १९८३ या काळात त्यांचे चार संग्रह निघाले. रचना प्रौढ होत गेल्या, खप मात्र घटला. आणि १९८३ मध्ये शार्की बाहेर पडताच वाद्यवृंद मोडला. १९८५ मध्ये शार्कीचे ‘अ गुड हार्ट’ ब्रिटनमध्ये अग्रस्थानी पोहोचले. ओ’नील बंधूंनी ‘दॅट पेट्रोल इमोशन’ हा नवा वाद्यवृंद काढला. पूर्वी टाळलेले राजकारण त्याच्या गीतांत उघडपणे आले, हे विशेष!

१९९९ मध्ये चौघे वादक पुन्हा एकत्र आले. शार्की आला नाही. त्याच्या जागी डेरीचाच पॉल मॅक्लून गाऊ लागला. शार्कीच्या आवाजातील तो विलक्षण कंप आता नव्हता, ही उणीव खरीच. तथापि गाणी बहुतांशी ओ’नील बंधूंच्या घरची होती. ती गाण्याचा अधिकार वादकांकडे राहिला, तो न्याय्यच होय. २००३ आणि २००७ मध्ये त्यांनी नव्या रचनांचे संग्रहही काढले.