पाहुणा खूश होऊन गेला, पण गुगलवर लिहिलं कुणी? त्र्यंबकच्या छोट्या व्यावसायिकांनी खरे रिव्ह्यू कसे मिळवावेत

त्र्यंबकेश्वर : पावसाळ्यातला रविवार. पहिने, अंजनेरी, हरिहर गड या बाजूला नाशिक-मुंबईच्या गाड्यांची रांग लागलेली असते. गाडीत बसलेला माणूस रस्त्याकडेच्या पाट्या वाचत नाही, तो मोबाईलवर ‘जवळचं जेवण’ शोधतो. गुगल मॅपवर दोन खाणावळी दिसतात. एकीला ४.६ स्टार आहेत आणि दीडशे लोकांनी काहीतरी लिहिलेलं आहे. दुसरीला दोनच रिव्ह्यू, त्यातला एक एका स्टारचा. गाडी कुठे वळणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता दुसऱ्या खाणावळीतली नागलीची भाकरी आणि ठेचा कदाचित जास्त चांगला असेल. तिथे जेवून गेलेल्यांनी ‘मावशी, मस्त झालं होतं’ असं तोंडावर सांगितलंही असेल. पण ते गुगलवर कुणी लिहिलं नाही, त्यामुळे पुढच्या गाडीला ते कळलंच नाही.

ही अडचण फक्त खाणावळींची नाही. त्र्यंबकमधले लॉज, घरगुती मुक्कामाची सोय करणारे, पूजा साहित्याची दुकानं, रिक्षा-जीपवाले, गडावर वाट दाखवणारी पोरं, बचत गटाच्या पापड-नागलीच्या स्टॉलवरच्या महिला, सगळ्यांचीच आहे. त्यात सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. तेव्हा येणारा भाविक गुजरात, आंध्र, कर्नाटक, उत्तर भारत, कुठलाही असेल. त्याची इथे ओळखपाळख नसते. त्याला विचारायला मोबाईलच असतो.

न मागता कोण लिहितं?

चिडलेला माणूस न सांगता लिहितो. समाधानी माणूस मात्र पैसे देतो, नमस्कार करतो आणि निघून जातो. म्हणून रिव्ह्यू मागितले नाहीत तर गुगलवर तक्रारीच जास्त दिसतात.

साधा हिशोब बघा. पाच रिव्ह्यू आहेत, चार जणांनी ५ स्टार दिले आणि एकाने १ स्टार. सरासरी येते ४.२. तोच एक नाराज माणूस, पण ५ स्टार देणारे चाळीस असतील, तर सरासरी येते ४.९. वाईट रिव्ह्यू पुसता येत नाही, पण खरे आणि भरपूर रिव्ह्यू असले की एकाच्या रागाने धंदा बसत नाही.

आधी आपली जागा गुगलवर ताब्यात घ्या

गुगलवर व्यवसायाची नोंद फुकट असते. गुगल मॅपमध्ये आपल्या दुकानाचं नाव शोधा. कुणा पर्यटकाने आधीच टाकलेलं असेल तर ‘हा व्यवसाय माझा आहे’ अशा अर्थाचा पर्याय दिसतो. नसेल तर नवीन नोंद करता येते. नंतर गुगल खात्री करतं. बऱ्याचदा त्यासाठी जागा, पाटी आणि आतला भाग दाखवणारा छोटा व्हिडिओ मागितला जातो. म्हणून दुकानावर नावाची पाटी हवी, आणि पाटीवर जे नाव आहे तेच गुगलवर हवं.

नकाशावरची खूण नीट तपासा. घाटाच्या बाजूला खूण अर्धा किलोमीटर सरकलेली असली तरी गिऱ्हाईक पुढे निघून जातं, आणि ‘पत्ता चुकीचा’ म्हणून एक स्टार देतं. फोन नंबर, सुरू-बंदची वेळ, चार चांगले फोटो एवढं तरी टाका. पावसाळ्यातच चालणारा धंदा असेल तर तसं लिहून ठेवा.

‘तुमची गुगल लिस्टिंग बंद होणार, पाच हजार भरा’ असे फोन येतात. असल्या फोनला दाद देऊ नका. नोंद ठेवण्याचे गुगल पैसे घेत नाही. ओटीपी तर कुणालाच सांगायचा नाही.

मागायचं कसं?

आपल्या व्यवसायाच्या नोंदीत रिव्ह्यू मागण्यासाठीची लिंक आणि क्यूआर कोड तयार मिळतो. तो प्रिंट करून लॅमिनेट करा. आपल्याकडच्या पावसात साधा कागद आठवडाभरही टिकत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. गिऱ्हाईकाला क्यूआर म्हटलं की पैसे कापले जाणार असंच वाटतं. म्हणून रिव्ह्यूचा कोड पैशाच्या कोडपासून लांब लावा आणि खाली ठळक लिहा : ‘हा कोड पैशाचा नाही. आमच्याबद्दल तुमचं खरं मत इथे लिहा.’ कोड लावल्यावर दुसऱ्याच्या फोनवरून स्कॅन करून बघा. मधूनमधून तपासत राहा, कुणी वरून दुसरा कोड चिकटवलेला नाही ना.

वेळही बघावी लागते. ताटावरून उठायच्या आधी मागू नये. बिल झालं, पाहुणा ‘छान होतं’ म्हणाला, की तेव्हाच म्हणावं, ‘दादा, हेच दोन ओळी गुगलवर लिहाल का? आमच्यासारख्या गावातल्या माणसाला त्याचा उपयोग होतो.’ एकदा मागा, मागे लागू नका.

रेंज नसेल तर? अनेक पाड्यांवर ती नसतेच. मुक्कामी पाहुण्याचा नंबर आपल्याकडे असतो. त्यालाच विचारून, तो घरी पोहोचल्यावर व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवा. मजकूर साधा असू द्या : ‘नमस्कार, सुखरूप पोहोचलात ना? आमच्याकडे राहून कसं वाटलं, जे असेल ते इथे लिहा. काही कमी राहिलं असेल तर तेही लिहा.’

पाहुण्याने गुजराती, तेलुगू, हिंदी, कुठल्याही भाषेत लिहिलं तरी चालतं. गुगलवर भाषांतराची सोय आहे. नुसते स्टार देऊन लिहिलं नाही तरी रिव्ह्यू जातो, पण ‘खोली स्वच्छ, गरम पाणी मिळालं, मंदिर चालत जवळ’ अशा ओळी पुढच्या माणसाला जास्त उपयोगी पडतात. रिव्ह्यू लिहायला गुगल खातं लागतं, ते बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये असतंच.

काय करायचं नाही

‘पाच स्टार द्या, चहा फुकट’ ही पाटी लावू नका. रिव्ह्यूच्या बदल्यात पैसे, सूट किंवा वस्तू देणं गुगलच्या नियमात बसत नाही. खूश दिसणाऱ्यालाच कोड दाखवायचा आणि नाराज माणसाला टाळायचं, हेही नियमाविरुद्ध आहे. घरच्या दहा जणांच्या फोनवरून स्वतःच्याच लॉजला ५ स्टार देणं, किंवा शेजारच्या लॉजला १ स्टार देणं, हे तर उघड खोटं. खोटे रिव्ह्यू सापडले तर गुगल ते काढून टाकतं, नवीन रिव्ह्यू काही काळ थांबवू शकतं आणि ‘इथले खोटे रिव्ह्यू काढले आहेत’ अशी सूचनाही लावू शकतं. मग खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

सरकारचंही याकडे लक्ष आहे. ऑनलाईन रिव्ह्यूसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानक नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत, हे त्यात आहे. ग्राहकाची दिशाभूल झाली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहेच.

त्र्यंबकच्या माणसाला ही गोष्ट नवीन वाटू नये. इथल्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान् पिढ्यांच्या नामावळीच्या वह्या आहेत. यजमान येतो, गाव, घराणं, नावं लिहून सही करून जातो. नातू आला की आजोबांचं अक्षर ओळखतो आणि त्याच घरी थांबतो. त्या वहीला किंमत आहे ती आलेल्या माणसाने स्वतः लिहिलं म्हणून. उपाध्यायांनीच सगळ्या सह्या केल्या असत्या तर वही कुणी उघडली नसती.

वाईट रिव्ह्यू आला तर

लगेच उत्तर लिहू नका. आधी त्या दिवशी काय झालं ते घरात, कामगारांना विचारा. चूक आपली असेल तर कबूल करा : ‘त्या दिवशी लाईट गेल्याने गरम पाणी देता आलं नाही, क्षमस्व. आता गॅस गिझर बसवला आहे.’ बसवला असेल तरच लिहा. हे उत्तर त्या माणसापेक्षा पुढचे शंभर जण वाचतात. भांडण केलं तर तेही वाचतात.

तो माणूस आपल्याकडे आलाच नसेल, शिवीगाळ केली असेल, तर रिव्ह्यूशेजारच्या तीन ठिपक्यांतून गुगलकडे तक्रार करता येते. नुसतं आवडलं नाही म्हणून रिव्ह्यू काढला जात नाही. ‘पैसे द्या, नाहीतर एक स्टार देतो’ अशी धमकी कुणी दिली तर पैसे देऊ नका, स्क्रीनशॉट ठेवा, गुगलला कळवा आणि पोलिसांकडे जा.

पोरांनी सावध राहावं

‘घरबसल्या हॉटेलांना स्टार द्या, एका रिव्ह्यूचे पन्नास रुपये’ असे मेसेज व्हॉट्सअॅप-टेलिग्रामवर फिरतात. सुरुवातीला शंभर-दोनशे रुपये खात्यात येतातही. मग ‘मोठ्या कामासाठी’ आपल्याकडून पैसे भरून घेतले जातात आणि ते परत येत नाहीत. अशी फसवणूक झाली तर क्षणाचाही उशीर न करता १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करा. वस्तू-सेवेबद्दल ग्राहकाची तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे.

गावातल्या ज्याला मोबाईल नीट जमतो त्याने एका संध्याकाळी बसून दोन-चार दुकानांची नोंद करून दिली, तरी बरंच काम होईल. त्यानंतर दिवसाला एका पाहुण्याला विचारलं आणि त्यातल्या चौथ्याने जरी लिहिलं, तर वर्षभरात नव्वदच्या आसपास खरे रिव्ह्यू जमतात. कुंभाची गर्दी सुरू झाल्यावर ते जमवायला वेळ मिळणार नाही, त्यामुळे सुरुवात आत्ताच केलेली बरी.