फ्रेमवर्क बदलण्याआधी सॉफ्टवेअरवाल्याकडून लेखी घ्या

आमच्या व्यापारी बंधूंपैकी पुष्कळांच्या पेढीवर आता वहीची जागा कॉम्प्युटरने घेतली आहे. एक सर्व्हर, त्याला जोडलेली दोन-चार मशिने, त्यावर बिल, स्टॉक आणि मजुरीचा हिशेब, शिवाय सॉफ्टवेअरवाल्याला दरसाल द्यावयाची देखभालीची फी. हे सॉफ्टवेअर ज्या पायावर उभे असते त्याला फ्रेमवर्क म्हणतात. विंडोजवर चालणाऱ्या पुष्कळ हिशेबी प्रोग्रॅमांना मायक्रोसॉफ्टचे डॉट नेट फ्रेमवर्क लागते. हा पाया बदलताना आम्हाला जो तजुर्बा आला तो येथे मांडतो.

भिवंडीत आमचा ग्रे कापडाचा धंदा. आमचा सर्व्हर विंडोज सर्व्हर २०१६ चा, त्यात ४.६.२ हे फ्रेमवर्क मुळातच येते. २०२३ साली ताग्यांवर बारकोड लावण्यासाठी आम्ही दुसरा एक प्रोग्रॅम घेतला. त्याला ४.८ हवे होते. पुतण्या म्हणाला, "चाचा, एक बटण दाबायचे आहे, रात्रीतून होईल." आम्ही होकार दिला.

सकाळी बारकोड छापू लागला, पण चलन छापेना. बाहेर टेम्पो उभा, माल अहमदाबादचा. सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "आमची जबाबदारी ४.६.२ पर्यंतच. पूर्वीसारखे करा, मग बोला." फी भरलेली असूनही हे ऐकावे लागले. दोन दिवस चलन हाताने लिहिले आणि ई-वे बिल पोर्टलवर एकेक करून भरले. सणाची गिऱ्हाइकी असती तर काय झाले असते, याचा विचारही नको.

चूक कोठे झाली ते नंतर एका जाणकाराने समजावले. ३.५ हे फ्रेमवर्क वेगळे बसते आणि चारच्या घरातल्या कोणत्याही आवृत्तीशेजारी राहू शकते. पण चारच्या घरातल्या आवृत्त्या एकमेकींची जागा घेतात. ४.८ आले की ४.६.२ त्या मशीनवर उरत नाही. एका मागावर एकाच वेळी दोन फण्या बसत नाहीत, तसेच हे. जुने प्रोग्रॅम नव्यावर चालावेत अशी सोय मायक्रोसॉफ्टने ठेवलेली आहे आणि बहुतेक चालतातही; पण तुमचा चालेल की नाही, हे तो बनवणाराच तपासून सांगू शकतो. आमच्या सर्व्हरवर ४.८ हे अपडेट म्हणून बसले होते. इन्स्टॉल झालेल्या अपडेटच्या यादीतून ते काढून मशीन पुन्हा चालू केले, तेव्हा जुने परत आले. बारकोडचा प्रोग्रॅम वेगळ्या मशीनवर हलवला.

मग जुन्यालाच चिकटून राहावे का? तसेही नाही. ४.५.२, ४.६ आणि ४.६.१ यांच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या २६ एप्रिल २०२२ रोजी थांबल्या. ४.६.२ ची मुदत १२ जानेवारी २०२७ अशी जाहीर आहे, आणि सर्व्हर २०१६ चीही तीच. सॉफ्टवेअरवाला "हात लावू नका" म्हणतो त्यात अर्धे खरे आणि अर्धा आळस, असे आमचे मत झाले आहे. फी घेतो तर तपासणेही त्याचेच काम.

म्हणून आम्ही त्याला तीन सवाल लिहून पाठवले. प्रोग्रॅम कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासला आहे? बदलानंतर बिघडला तर दुरुस्ती याच फीत होईल की वेगळी? आणि मायक्रोसॉफ्टची मुदत संपली की पुढे काय? तीन महिन्यांनी ४.८ ला लेखी होकार आला. तरीही आम्ही आधी सर्व्हरची पूर्ण नक्कल दुसऱ्या मशीनवर उतरवून तेथे बिल, चलन आणि मजुरीची चिठ्ठी छापून पाहिली. खरा बदल जुम्याच्या सुट्टीत केला आणि बॅकअप कपाटात ठेवला.

आता त्याची नवी आवृत्ती 'डॉट नेट ८' मागते. हे नाव सारखे असले तरी घराणे वेगळे. त्याच्या ६, ८ अशा आवृत्त्या एकाच मशीनवर शेजारी शेजारी राहतात, त्यामुळे जुन्याला धक्का लागत नाही. मात्र त्यांची मुदत तोकडी. ६ ची १२ नोव्हेंबर २०२४ ला संपली, ८ ची १० नोव्हेंबर २०२६ ही ठरलेली आहे. तेच तीन सवाल आम्ही पुन्हा पाठवले आहेत. पहिल्या दोहोंचे उत्तर आले, तिसऱ्याचे अजून नाही.