अँटनीचे भाषण

शेक्सपियरच्या ‘ज्युलिअस सीझर’ या सुमारे १५९९ सालच्या शोकांतिकेत, सीझरच्या वधानंतर रोमच्या चौकात दोन भाषणे होतात. ब्रूटस गद्यात बोलतो. वध स्वातंत्र्यासाठी केला, हे लोकांना पटवितो व निघून जातो. मागाहून बोलणाऱ्या अँटनीस अट आहे : मारेकऱ्यांना दोष द्यावयाचा नाही. ती तो अक्षरशः पाळतो. ब्रूटसला तो पुनःपुन्हा ‘सन्माननीय’च म्हणतो, परंतु मध्येच सीझरने तीनदा नाकारलेला मुकुट आठवून देतो, गरिबांसाठी गाळलेले अश्रूही. शब्द तोच राहतो, अर्थ उलटतो. चौथीच्या मुलांकडून ‘शहाणा’ हा एकच शब्द आधी शाबासकीने व मग उपरोधाने म्हणवून घेतला, तर ही युक्ती त्यांनाही उमगेल.

मृत्युपत्र दाखवून अँटनी ते वाचण्याचे नाकारतो. साहजिकच लोक हट्ट धरतात. आपल्याला वक्तृत्व येत नाही, असेही तो सांगतो, आणि ते खरे मानले जाते! अखेर प्रत्येक नागरिकास पंचाहत्तर द्राख्मा ठेवल्याचे ऐकताच जमाव पेटतो. पुढच्याच प्रवेशात तो सिना नावाच्या कवीवर तुटून पडतो. कटातील सिना दुसराच होता, हे कवीने सांगूनही.