लेकी आल्या माहेराला!

म्हैसूरहून बंगळूरला जाताना मद्दूरच्या बाजूला आत वळले की शिंशा नदीजवळचे कोक्करे बेळ्ळूर लागते. कन्नडमध्ये ‘कोक्करे’ म्हणजे करकोचा. दर हिवाळ्यात झोळीवाले पेलिकन आणि चित्रबलाक येथे येतात. घरटी बांधतात ती मात्र रानात नव्हे, तर परसातल्या नि शेतातल्या चिंच-पिंपळांवर! ‘लेकी बाळंतपणाला माहेरी आल्या,’ असे गावकरी मानतात.

पण माहेरपण फुकट होत नाही. ऐन चिंचा उतरवायच्या दिवसांतच वर पिल्ले असतात. चिंचा झोडपाव्यात, तर घरटी मोडतात. न झोडपाव्यात, तर उत्पन्न बुडते. म्हणून वनखाते झाडमालकांना भरपाई देते. १९९० च्या दशकात म्हैसूरच्या निसर्गप्रेमींनी गावातल्या तरुणांना बरोबर घेऊन घरट्यातून पडलेली पिल्ले वाढवायला सुरुवात केली. २००७ मध्ये हे गाव सामुदायिक राखीव क्षेत्र झाले.

पाखरेही ऋण ठेवत नाहीत. झाडाखाली पडणारी त्यांची विष्ठा तळ्यातल्या गाळात मिसळली की शेताला उत्तम खत मिळते.

तरीही माया पुरत नाही. २०१७ च्या अखेरीपासून काही महिन्यांत येथे अनेक पेलिकन दगावले. त्यांच्या पोटात जंत सापडले. हे जंत माशांतून येतात. म्हणजे झाड राखले तरी तळे-नदीही राखायला हवी.

आपल्या बांधावरच्या चिंचेला कुऱ्हाड लावण्याआधी एकदा वर पाहावे. कुणाचे तरी बिऱ्हाड असेल!